दरवाजे किती ते नको, पाणी किती ते सांगा

प्रति,
धरणाचे दरवाजे उघडण्याचा आणि नदीकाठी फलक लावण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्या सर्व अधिकाऱ्यांस

विषय: नदीपात्रात उतरण्यास सरसकट मनाई आणि विसर्गाच्या अर्धवट सूचना यांबाबत

महोदय,

घाटावर नवा फलक लागला आहे. पिवळा पत्रा, काळी अक्षरं: ‘नदीपात्रात उतरण्यास, पोहण्यास, तसेच होडी, ट्यूब वा तत्सम साधन वापरण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ हुकूम कोणाचा ते खाली बारीक अक्षरांत आहे. फोन नंबर नाही. धरणातून पाणी कधी सुटतं, किती सुटतं, या घाटाला पोचायला किती तास लागतात, यातलं एक अक्षरही त्यावर नाही. ‘तत्सम साधन’ म्हणजे आमच्या कयाक (वल्ह्याच्या अरुंद होड्या) आणि राफ्ट (हवेने फुगवलेले तराफे), असं तोंडी सांगण्यात आलं. म्हणून हे पत्र. आपल्याला लिहिलेलं आहे, पण गावानेही वाचावं अशी इच्छा आहे.

गिरणा, पांझरा आणि तापीच्या पाण्यावर वल्हं मारणारी आम्ही मंडळी संख्येने मूठभर आहोत. खानदेशात हा खेळ चालतो म्हटलं की लोक हसतात, आणि त्यांचं चुकत नाही. वर्षातले कित्येक महिने नुसती वाळू दाखवणाऱ्या नद्यांत राफ्ट कुठे घालणार? हिमालयातल्या नद्यांचा उतार इथे नाही, हेही आधीच कबूल. पण पात्रात काळ्या खडकाच्या पायऱ्या आहेत. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात जमिनीतून भिंतीसारखे वर आलेले खडकाचे लांबच लांब पट्टे आहेत, भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. तापीकडे उत्तरेला निघालेल्या नद्यांना त्या भिंती ओलांडूनच जावं लागतं. अशा जागी पाणी मापात असलं की चांगला खळाळ तयार होतो. खळाळाची अवघडता १ ते ६ अशा श्रेणीत मोजतात, पण ती श्रेणी दगडाला नसते, त्या दिवशी दगडावरून जाणाऱ्या पाण्याला असते. तीच पायरी थोड्या पाण्यात होडीचा तळ खरवडते, मापाच्या पाण्यात श्रेणी २ चा निर्मळ खेळ देते आणि पुरात जीव घेते. म्हणजे आमचं सगळं गणित एका आकड्यावर चालतं. तो आकडा आपल्याकडे असतो, आणि आमच्यापर्यंत पोचत नाही.

आमच्या नद्या आता पावसाच्या राहिलेल्या नाहीत, वेळापत्रकाच्या झाल्या आहेत. गिरणेचंच बघा. वर इंग्रजांच्या काळातलं चणकापूर, खाली १९६९ मध्ये पूर्ण झालेलं सुमारे १८,५०० दशलक्ष घनफुटांचं गिरणा धरण. पावसाळा सरला की त्याखाली पात्रात जे वाहतं ते आवर्तनाचं, म्हणजे ठरवून पाळीपाळीने सोडलेलं पाणी. ते उघड्या नदीपात्रातून जामदा बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्याला लागतं. तेवढ्या लांबीची नदी हा आपला कालवाच झाला म्हणायचा. फरक इतकाच की कालव्याला पाळी असते, पाटकरी असतो, कोणत्या चारीला कधी पाणी येणार हे शेतकऱ्याला माहीत असतं. नदीत मात्र पाणी येऊन पायाला लागलं की कळतं.

आता तक्रारी. पहिली सर्वांत मोठी आहे, तिच्यावर जरा थांबावं लागेल.

पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाची बातमी खानदेशात कोणाला पाठ नाही? ‘४१ दरवाजे उघडले.’ कधी ‘१८ दरवाजे एक मीटरने’, कधी ‘सर्व दरवाजे पूर्ण’. आकडा मोठा, मथळा झकास, आणि काठावरच्या माणसाला उपयोग जवळपास शून्य. कारण दरवाजातून किती पाणी जातं हे दोन गोष्टींवर ठरतं: दरवाजा किती उचलला आणि त्यामागे पाणी किती उंच उभं आहे. समजा १२ मीटर रुंदीचा एक वक्राकार दरवाजा अर्धा मीटर उचलला. मागे ८ मीटर पाणी असेल तर त्यातून साधारण १,६०० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) जातील. मागे २ मीटरच असेल तर ८०० च्या आसपास. दरवाजा तोच, उचलला तेवढाच, पाणी निम्मं. याउलट सगळे दरवाजे पूर्ण वर असतात तेव्हा धरण फारसं काही अडवतच नाही, वरून बऱ्हाणपुराकडून आणि पूर्णेतून जे येईल ते खाली जातं. म्हणजे ‘४१ दरवाजे पूर्ण उघडे’ या बातमीच्या दिवशी तापीला मध्यम पाणी असू शकतं, आणि ‘फक्त ८ दरवाजे’ या बातमीच्या दिवशी त्याहून जास्त. दरवाजे मोजून नदी कळत नाही.

अलीकडे काही सूचनांत क्युसेक येऊ लागले आहेत, ते मान्य. पण त्यातही ‘विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवण्यात येईल’ हे वाक्य ठोकलेलं असतं. टप्पा केवढा? दोन टप्प्यांत अंतर किती? ५०० चे ६०० करणं हाही टप्पा आणि ५०० चे ३,००० करणं हाही टप्पाच.

हा फरक पायाला कसा लागतो ते एकदा मांडून दाखवतो. पात्र ३० मीटर रुंद आणि उतार किलोमीटरला २ मीटर धरा. ५०० क्युसेकला तिथे पाणी अर्ध्या मीटरहून थोडं जास्त असेल, गुडघ्याच्या जरा वर, वेग सेकंदाला एक मीटरच्या आत. सावध माणूस काठी टेकवत ते ओलांडतो. त्याच जागी ३,००० क्युसेक आले की खोली १.६ मीटर होते, म्हणजे बहुतेकांच्या नाकाच्या वर पाणी, आणि वेग जवळजवळ दुप्पट. वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. पाणी सहापट सोडलं तेव्हा वाढ ही अशी झाली. ती दोन तासांत झाली तर काठ गाठता येतो. दहा मिनिटांत झाली तर पात्राच्या मधल्या खडकावर धुणं धुणारी बाई, जाळं सोडवणारा भोई आणि ट्यूबवर बसलेली पोरं तिथेच अडकतात. कयाकवाला त्यातल्या त्यात सुखी, निदान त्याच्या अंगात तरंगतं ठेवणारं लाइफ जॅकेट तरी असतं.

८ जून २०१४ ला हिमाचलात बियास नदीवर नेमकं हेच झालं. लारजी धरणातून पाणी सुटलं आणि खाली खडकांवर उभे असलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा सहल-संयोजक वाहून गेले. त्यातल्या कोणाकडेही ‘तत्सम साधन’ नव्हतं. नुसते उभे होते.

दुसरी तक्रार वेळेची. दरवाजा किती वाजता उघडला हे सूचनेत असतं, पाणी आमच्या घाटाला किती वाजता लागेल हे नसतं. हे काढायला अवघड नाही, आपल्याकडे अभियंते आहेत. वरच्याच उदाहरणात पाण्यावर पडलेलं पान तासाला सहा किलोमीटर जाईल, पण वाढलेल्या पाण्याचा फुगवटा त्याच्या दीडपटीहून जास्त वेगाने, तासाला दहाच्या आसपास धावतो. म्हणून पाणी वाढलंय असं वाटल्यावर होडी जोरात वल्हवून त्याच्या पुढे निघून जाऊ, हा नवशिक्याचा हिशेब चुकतो. फुगवटा गाठतोच. धरणापासून २५ किलोमीटरवरच्या गावाला ओल्या पात्रात अडीच तास मिळतात. कोरड्या वाळूत गोष्ट वेगळी: आवर्तनाचं पहिलं पाणी वाळू पिते, ते रेंगाळत, फेस आणि काटक्या पुढे ढकलत येतं, कधी एक दिवस जास्त घेतं. दुसऱ्या आवर्तनाला पात्र ओलं असतं, तेव्हा तेच पाणी धावत येतं. मागच्या वेळी संध्याकाळी आलं म्हणून याही वेळी संध्याकाळीच येईल असं धरून बसलेला माणूस दुपारीच फसतो. गावोगावी हा गैरसमज पक्का आहे, आणि तो दूर करायला एक ओळ पुरेशी आहे.

आम्ही स्वतःपुरती काय खबरदारी घेतो तेही सांगून ठेवतो, काठावरच्या कोणालाही उपयोगी पडेल. पात्रात उतरण्याआधी पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची आणि दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे बघायचं. निवळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि फेस एकदम जास्त यायला लागला, दगडावरची ओली रेघ बुडाली, किंवा वरून गाडी आल्यासारखी घरघर ऐकू आली, तर सामान सोडून काठ धरायचा. चप्पल, मोबाईल, मासे, काहीही आणायला मागे वळायचं नाही. आणि जो जवळचा उंच काठ असेल तोच गाठायचा, आपली मोटारसायकल ज्या काठाला आहे तो नव्हे.

पण काडी हा शेवटचा उपाय झाला. पूर्वी वरच्या गावाहून खालच्या गावाला ‘नदीले पूर उना’ अशी हाळी जायची. आज धरणावर भोंगा वाजतो, तो दोन-तीन किलोमीटरवर ऐकू येत नाही, आणि पाणी मात्र पन्नास किलोमीटर जातं.

रात्रीच्या विसर्गाचं तर काय बोलावं. पुराच्या वेळी नाइलाज असतो, ते समजतं. धरण आपल्या सोयीने भरत नाही. पण आवर्तन हे ठरवून सोडायचं पाणी आहे, तारीख बैठकीत ठरते. ते पहाटे चार वाजता डांगरवाडीत शिरावं असं कोणतंही शास्त्र सांगत नाही. पात्रात टरबूज-डांगर लावणाऱ्यांना पाइप गुंडाळायचे असतात, मोटारी वर ओढायच्या असतात. अंधारात, चालू वायरी ओल्या वाळूत असताना हे काम करायला लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

याच प्रांतात, पांझरेच्या खोऱ्यात, फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे गट, आणि प्रत्येक फडाची पाळी ठरलेली. सरकारी खातं नव्हतं, क्युसेक हा शब्द नव्हता, पण कोणाच्या वाफ्याला कधी पाणी लागणार हे पाटकऱ्याइतकंच शेतकऱ्यालाही ठाऊक असायचं. पाण्याबरोबर पाण्याची खबर पोचवणं हे खानदेशाला नवीन नाही. मधेच कुठेतरी आपण ते सोडून दिलं.

तिसरी तक्रार बंधाऱ्यांची आहे, आणि इथे आपला फलक सपशेल चुकीच्या जागी उभा आहे. घाटावर पाणी संथ आहे, तिथे मनाई. आणि जिथे माणूस खरोखर मरतो त्या बंधाऱ्याच्या वर एक साधी पाटीही नाही.

बंधाऱ्यावरून पाणी पडतं ते दिसायला देखणं. दीड मीटरची सरळ भिंत, त्यावरून काचेसारखी चादर. पण ती चादर खाली खोल बुडते, काही मीटर पुढे उकळल्यासारखी वर येते, आणि त्या उकळीपासून भिंतीपर्यंतचं वरचं पाणी उलटं, भिंतीकडे वाहतं. त्यात सापडलेला ओंडका तासन् तास तिथल्या तिथे गरगरताना बघितलं की कल्पना येते. माणूस भिंतीकडे ओढला जातो, चादरीखाली दाबला जातो, उकळीजवळ वर येतो, पुन्हा ओढला जातो. नदीतल्या नैसर्गिक खडकाला कडा वाकड्या असतात, कुठून तरी सुटायला वाट मिळते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सारखा असतो, सुटायला कडाच नसते. शिवाय ते पाणी हवेने भरलेलं असतं, पांढऱ्या फेसात जॅकेटचाही आधार कमी पडतो. वरून येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, पुढे नदी पट्टीने आखल्यासारखी आडवी संपलेली दिसते तेवढंच. आणि पाणी फार असतानाच हे घडतं असंही नाही. मध्यम, निरुपद्रवी वाटणाऱ्या पाण्यात ही जागा सर्वांत वाईट असते.

अशा वेळी वाचवायला उडी मारणारा हमखास दुसरा बळी होतो. होडी खालून उकळीपर्यंत नेली तर तीही आत ओढली जाते. काठावरून दोरीच टाकायची: १५ ते २० मीटर लांब, पाण्यावर तरंगणारी, आणि टाकणाऱ्याने ती मनगटाला गुंडाळायची नाही. ही दोरी पिशवीत भरून बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना टांगून ठेवायला खर्च किती येतो याचा अंदाज आपणच घ्यावा. फलकाच्या पत्र्याहून फार नसावा.

केटीवेअरची, म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या कोल्हापुरी बंधाऱ्याची, तऱ्हा आणखी निराळी. पावसाळ्याआधी त्याच्या फळ्या काढायच्या असतात. काही गाळ्यांतल्या निघतात, काही गंजून तशाच राहतात. पुरात वाहून आलेली वेडी बाभूळ खांबांत आडवी अडकते. मग गाळ्यातून पाणी आरपार जातं आणि माणूस जात नाही, चहाच्या गाळणीत भुकटी राहावी तसा राहतो. आमच्या खेळात याहून वाईट जागा मानत नाहीत. होडी अशा काट्यांवर आडवी आपटली तर अंग अडथळ्याकडे झुकवायचं, वरच्या बाजूला झुकलात की पाणी होडीत शिरून ती उलथते आणि खांबाला चिकटते. हे शिकवून येतं, पण सगळ्यात सोपा उपाय फळ्या वेळेत काढणं आणि जूनमध्ये खांबांतला कचरा उपसणं हाच. फरशी पुलांच्या नळ्यांचंही तसंच: पाणी फरशीच्या खाली असतं तेव्हा नळीच्या तोंडाशी ओढ असते, पाण्याच्या वर मात्र साधी गोल भोवरी दिसते. वाळूच्या खड्ड्यांवर वेगळं काय लिहायचं? ते कोणी खणले हे सगळ्या गावाला माहीत आहे.

गिरणेवर सात बलून (हवेने फुगणाऱ्या रबरी) बंधाऱ्यांची योजना आहे. पाणी अडायला हवं, त्याला आमचा विरोध नाही. पण रबरी बंधाऱ्यावरून पाणी सांडतं तेव्हा वर सांगितलेली उलटी ओढ अगदी काठापासून काठापर्यंत तयार होते, आणि तो खाली बसवला की मागचं अडलेलं पाणी थोड्या वेळात सुटतं. तेव्हा आराखड्यातच खालच्या बाजूला पायऱ्या किंवा दगडांचा उतार घ्या म्हणजे पाणी एकदम न बुडता टप्प्यांनी उतरेल, काठाने होडी उचलून नेण्याइतकी एक वाट ठेवा, आणि बलून बसवण्याची सूचना खालच्या गावांना आधी द्या. बांधून झाल्यावर हे सुचणं महाग पडतं.

चौथी तक्रार मनाईची. ट्यूब, थर्माकोल, होडी, कयाक सगळ्यांना एकाच ओळीत बसवून आपण मोकळे झालात. यात भोई बांधवांचं पोट आहे, त्यांच्याबद्दल ते बोलतीलच. आमच्याबद्दल एवढंच की फलक वाचून जे थांबतात ते नियम पाळणारेच असतात. हेल्मेट घालणारे, जॅकेट घालून खांद्यांना धरून वर उचलल्यावर ते निसटत नाही ना हे तपासणारे, किमान तीन होड्यांशिवाय न उतरणारे, प्रत्येक होडीमागे दोरीची पिशवी आणि प्रत्येकाच्या जॅकेटला शिटी ठेवणारे, पाण्यात पडलं तर पाय खाली टेकायचे नाहीत, उताणं होऊन पायांचे तळवे प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे हे शिकलेले. (गुडघाभर जोराच्या पाण्यात उभं राहायला गेलात की पाऊल दोन दगडांत अडकतं आणि पाणी मागून दाबून पाडतं. ‘एवढंच तर पाणी होतं’ असं नंतर काठावरचे म्हणतात.) ही माणसं घरी बसली की नदीत उरतात ती दहा वर्षांची पोरं आणि ट्रकची ट्यूब. आणि पूर आला की मदतीला हाक मारायची ती याच वल्हेवाल्यांना, हेही होतंच.

राज्याचं स्वतःचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. जमिनीवरच्या आणि हवेतल्या खेळांबरोबर पाण्यावरचेही त्यात आहेत, आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. एकीकडे नोंदणी करा म्हणायचं आणि दुसरीकडे घाटावर सक्त मनाई, यातलं खरं काय धरायचं?

‘प्यायला पाणी नाही आणि यांना खेळ सुचतात’ असं कोणी म्हणेल. म्हणणारा आमच्याच घरचा असेल, आठ-दहा दिवसांआड नळाला पाणी येण्याचे दिवस आम्हीही काढतो. म्हणून स्पष्ट लिहितो: आम्हाला एक थेंबही जादा नको. जे आवर्तन सुटणारच आहे त्यातलेच काही तास उजेडात यावेत. हिशेबच हवा असेल तर १,५०० क्युसेकने सहा तास पाणी सुटलं तर ते होतं ३२.४ दशलक्ष घनफूट, गिरणा धरणाच्या साठ्याच्या पाव टक्क्याहूनही कमी. आणि तेही कुठे जात नाही, आमच्या होड्यांखालून वाहून जामद्याला पोचतंच.

हे जगावेगळं मागणं नाही. रायगडात मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करून कुंडलिकेत येतं, आणि सकाळच्या त्या पाण्यावर कोलाडकडे राफ्ट चालतात. त्यावर तिथल्या गावांतल्या पोरांचे रोजगार उभे आहेत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात गॉली नदीवर समर्सव्हिल धरण आहे. पुढच्या पुरासाठी जागा करायला दर शरदात तो जलाशय उतरवावाच लागतो. ते पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आधी जाहीर केलेल्या दिवसांना, सुमारे २,८०० क्युसेकने सोडतात, आणि १९८६ मध्ये कायदा करून ही गोष्ट धरणाच्या उद्दिष्टांतच घातली. सोडायचंच होतं ते पाणी, तारीख सांगून सोडलं एवढंच. कोलाडची किंवा गॉलीची नदी गिरणेशी तोलायची नाही, त्यांचा उतार आणि पाऊस निराळा. तोलायची ती सूचना.

तर मागण्या अशा.

विसर्गाच्या प्रत्येक सूचनेत दरवाजांची संख्या लिहायची तर लिहा, पण आत्ताचा विसर्ग क्युसेकमध्ये, पुढचा विसर्ग क्युसेकमध्ये, बदलाची वेळ, आणि मुख्य गावांना पाणी लागण्याची अंदाजे वेळ लिहा. नमुना देतो: ‘आत्ता ३०० क्युसेक. सकाळी ६ वाजता ६००, ७ वाजता १,०००, ८ वाजता १,५००. पात्र ओलं आहे. १० किलोमीटरवरच्या गावांना सकाळी ७.३० पासून, २५ किलोमीटरवर ९ पासून पाणी वाढेल. शनिवारी दुपारी २ वाजता बंद.’ पाच ओळींचा एसएमएस होतो. ‘सतर्क राहावे’ हे वाक्य त्यात नसलं तरी चालेल, वाचणारा आपोआप सतर्क होतो.

आवर्तनाचं पाणी सोडताना पहिले दोन तास विसर्ग हळू वाढवा आणि पहिलं पाणी दिवसाउजेडी गावांना लागेल अशी वेळ धरा. पूरस्थितीला ही अट अर्थातच नाही. जमल्यास आवर्तनाचा एखादा दिवस रविवारी येऊ द्या. नाही जमलं तर सोमवारी येऊ, तक्रार नाही.

नदीवरच्या पुलांच्या खांबांवर मीटर-सेंटीमीटरच्या पट्ट्या रंगवा, पुसट झालेल्या पुन्हा रंगवा. तापीवर केंद्रीय जल आयोगाची सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा अशी मोजणी केंद्रं आहेतच, त्यांचे आकडे मराठीत, रोज, एकाच ठिकाणी दिसू द्या. गिरणा आणि पांझरेवर निदान तीन-तीन पूल तरी धरा. रंगाचा डबा आणि माणसं आम्ही देतो, लेव्हल घेऊन शून्य कुठे धरायचा हे आपल्या अभियंत्याने दाखवावं.

प्रत्येक बंधाऱ्याच्या वर दोनशे मीटरवर दोन्ही काठांना, पाण्यातून येणाऱ्याला दिसेल अशी पाटी: ‘पुढे बंधारा, डाव्या काठाला लागा.’ बंधाऱ्याच्या टोकांना दोरीची पिशवी. फळ्या काढल्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ प्रमाणे धरणांचे आपत्कालीन कृती आराखडे पाच वर्षांत करायचे आहेत. त्यात नदीत रोज वावरणारे भोई, डांगरवाडीवाले, धुणं धुणाऱ्या बाया आणि वल्हेवाले यांना कळवायचं कसं, याचं एक पान घाला. त्या पानाच्या बैठकीला बोलावलंत तर येऊ, स्वतःच्या खर्चाने येऊ.

मनाईच्या जागी नियम करा. विसर्ग अमुक आकड्याच्या वर असेल तर कोणीही उतरू नये, तो आकडा नदीचा तो-तो पट्टा बघून ठरवा, आम्ही पाळू. त्याखाली जॅकेट, हेल्मेट आणि तीनजणांची अट घाला. चौदा वर्षांखालच्या पोरांना मोठ्या माणसाशिवाय नको म्हणा. मोडणाऱ्याला दंड करा, आमच्यातला असला तरी.

आणि घाटावरचा तो पिवळा फलक इतक्यात बदलता येणार नसेल तर राहू द्या. खाली बरीच मोकळी जागा आहे. तिथे नियंत्रण कक्षाचा फोन नंबर तेवढा रंगवा, रात्री दोन वाजताही उचलला जाणारा.

आपली,
गिरणा, पांझरा आणि तापीकाठची वल्हेकरी मंडळी

प्रत माहितीसाठी: नदीकाठच्या ग्रामपंचायती, भोई बांधव, डांगरवाडीवाले, आणि पात्रात मोटार ठेवणारे सर्व शेतकरी